डनरॉकला चारा आहे

परळी वैजनाथ
२६ नोव्हेंबर २०२३

चि. लखन यास,

आशीर्वाद नाहीत. पत्राच्या सुरुवातीला ते लिहायची पद्धत आहे म्हणून हात तिकडे वळला होता, मी आवरला.

अक्षर ओळखलंस ना? ओळखायलाच हवं. तुला बाराखडी मीच गिरवायला लावली. फोन नंबर तू तीन वर्षांपूर्वी बदललास आणि पत्ता तर कधी दिलाच नाहीस. तरी हा लिफाफा कॅनडात तुझ्या दारात कसा पोचला, असा प्रश्न तुला पडला असेल. सांगते. मला घाई नाही, पाच वर्षं थांबलेय मी.

गेल्या मंगळवारी आमच्या दवाखान्यात घाटनांदूरचा उत्तरेश्वर त्याच्या आईला घेऊन आला. तिकडे ट्रक चालवतो, सुट्टीवर आला होता. मी म्हातारीला सलाईन लावत होते आणि हा बोलत बसला.

"सिस्टर, एक गंमत सांगू का? डनरॉक म्हणून एक बारकं गाव हाय तिकडं. चौफेर सपाट रान. आपलं कुत्रंबी न्हाई तिथं. तर तिथल्या पेट्रोल पंपावर एक गडी कॉफीच्या मशीनीपुढं उभा. कोट-बिट घालून एकदम साहेब. मशीन काय कॉफी देईना. तर गड्यानं तिला थापड हानली आन् म्हनला, 'कावून बे, देत का न्हाईस?' मी तिथंच हासाय लागलो. म्हणलं, पाव्हणं, बीडचे का तुमी? तर म्हनतो कसा, 'नाही हो, मी पुण्याचा!'"

मग त्याने फोटो दाखवला. अंगाने भरलायस. शेजारी तुझी बायको, राजनंदिनी, कडेवर पोरगं. कोल्हापूरकडची आहे, बोलकी आहे, हेही उत्तरेश्वरनेच सांगितलं. मराठी माणूस भेटला म्हणून तिला कोण आनंद झाला. तिनेच त्याला सांगितलं की ह्यांचं घराणं मोठ्या जमिनीवाल्यांचं, पण आता मागे कुणी उरलं नाही, सासूबाई तर लग्नाआधीच गेल्या.

म्हातारीची शीर सापडलेली होती म्हणून मी हात हलू दिला नाही. नाहीतर त्या दिवशी माझ्या हातून काहीतरी वेडंवाकडं झालं असतं.

आप्पा गेले हे खरं. पण आई? मी हे लिहितेय तेव्हा आई धर्मापुरीत शेळ्यांना पाला टाकतेय. काल तिने मला फोन करून विचारलं, "लखनाचा काई सांगावा?" मी म्हटलं, न्हाई. तू तिला मारून टाकलंयस हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

डनरॉक. पाचशे घरांचं गाव म्हणे. नाव आणि गाव लिहिलं तरी पोस्टमन पत्र आणून देईल, असं उत्तरेश्वर म्हणाला. पोचलं ना?

सुकन्या
(अक्का म्हणायचा हक्क तूर्त काढून घेतला आहे.)


परळी वैजनाथ
४ फेब्रुवारी २०२४

लखन,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण परत आलं नाही म्हणजे तू पत्र घेतलंस. बायको घरात नव्हती का तेव्हा? या खेपेला मी लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव ठळक अक्षरात टाकलंय.

विसरला असशील म्हणून आठवण करून देते. डनरॉक तू शोधलेलं नाहीस. मी शोधलंय. २०१८ साली रात्रपाळी संपवून, दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर बसून, तिकडच्या कुठल्या भागात माणसं कमी आहेत, कुठे लवकर कायमचे कागद मिळतात, कुठे नर्स लागतात आणि कुठे जनावरांची माहिती असलेला माणूस लागतो, हे मी एका वहीत लिहून काढलं होतं. मोठ्या शहरात गर्दी, म्हणून असली बारकी गावं. वहीत सात नावं होती. डनरॉक पाचवं. तिथे वृद्धाश्रमाला नर्स हवी होती आणि गाईंच्या फार्मला तुझ्यासारखा डिप्लोमावाला. दोघांची सोय एका गावात! मी त्या नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

तू म्हणालास, "अक्का, आदी मी जातो. चारा बगतो. मग तुला आन् आईला बोलावतो."

आप्पांचीच रीत ती. मेंढरांचा तळ हलवायचा तर एकजण पुढे जायचा, रान बघायचा, परत येऊन खरं सांगायचा. आहे तर आहे, नाही तर नाही. रान दडवणाऱ्याला आप्पा पंगतीला घेत नसत. आणि दुसरी रीत, जो आधी पोचला त्याने मागून येणाऱ्याला पहिल्या दिवशीची भाकरी घालायची. मग तो सोयरा असो की भांडलेला. आप्पांची साठ मेंढरं विकून तू विमानात बसलास आणि तिथून फोन केलास, "अक्का, हितं काईच न्हाई. नर्सला कुनी इचारत न्हाई. येऊ नको, फसशील."

मी विश्वास ठेवला. वही फाडली. माझी तिशी त्या दवाखान्यात गेली, गच्चीवरच्या कपड्यांवरची वीजकेंद्राची राख झटकत. आता उत्तरेश्वरला मुद्दाम विचारायला लावलं. त्या वृद्धाश्रमाच्या दारावर नर्स पाहिजे ही पाटी अजून आहे. पाच वर्षं ती पाटी तुझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर होती.

सगळे लोक जिथे आपलं कुणीतरी आहे तिथे जाऊन राहतात. पंजाबी पंजाब्याजवळ, गुजराती गुजरात्याजवळ, आपली पोरं टोरांटोकडे एकेका तळघरात सात-सात. तू एकटाच असा निघालास की जिथे आपलं कुणी नाही ते गाव निवडलंस, म्हणजे खोटं बोलायला मोकळा. हुशार आहेस. पण एक विसरलास. त्या तळघरातल्या पोरांचे फॉर्म कोण भरून देतं? कामावरून सुटल्यावर, फोनवर, फुकट? मी.

परळी, केज, अंबाजोगाई मिळून आमचा एक ग्रुप आहे. एकशे चाळीस माणसं. काल मी त्यावर लिहिलं: "टोरांटोत घाम गाळू नका. डनरॉकला चारा आहे. फार्मवर काम, घरं रिकामी, कागद लवकर. तिथे धर्मापुरीचा आपला लखन आहे, बंकटआप्पांचा मुलगा. पहिल्या दिवशीचं जेवण त्याच्या घरी."

सोबत तुझा पत्ता दिला. तुझा फोटोही.

सटवा आणि त्याची बायको सत्यभामा या महिन्याअखेर टोरांटोहून पोचतील. सटवा म्हणजे आपल्या शेजारचा, तुझ्याबरोबर शाळेत होता तो. सत्यभामाला तिखट लागतं. रीत पाळ.

सुकन्या


परळी वैजनाथ
९ जून २०२४

लखन,

तू फोन केलास. पाच वर्षांनी! आणि पहिलं वाक्य काय, तर "अक्का, कावून असं करायलीस?" पुण्याचा ना रे तू?

मी फोन ठेवला, कारण फोनवर तू रडतोस आणि तू रडलास की मला लहानपणचा लखन आठवतो. मला तो आठवायचा नाही. पत्रच बरं.

तुझ्याकडे काय झालं ते मला सत्यभामाकडून सगळं कळलं. दार उघडल्यावर तुझा चेहरा कसा झाला, ते तिने दोनदा सांगितलं आणि मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. जेवू घातलंस, हे मान्य. राजनंदिनीने पुरणपोळी केली होती आणि तू पोळी वाढताना सटवाच्या कानात कुजबुजलास, "तिला काई बोलू नको, हात जोडतो." सटवा गप्प बसला. मीच तसं सांगितलं होतं. एका दमात सगळं संपवायचं असतं तर मी राजनंदिनीलाच पत्र लिहिलं असतं.

पण सत्यभामाला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने तुझं पोरगं मांडीवर घेतलं आणि सहज म्हणाली, "आगं बया, ह्यो तर निस्ता दगडाबाईवर गेलाय! त्येच कपाळ, त्याच भुवया."

राजनंदिनीने विचारलं, "कोण दगडाबाई?"

आणि तू म्हणालास, "आमच्या शेतावर कामाला होती एक बाई."

लखन, तू आईला मेलेली सांगितलंस तेव्हा मला राग आला होता. मेलेल्या माणसाला निदान मान असतो. पण जिने तुला पाठीला बांधून नगरपासून परळीपर्यंत मेंढरांमागे चाल केली, ती आपल्या शेतावर कामाला होती? कुठलं शेत? तुझ्या बापाला स्वतःचा बसायला बांधसुद्धा नव्हता. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून त्यांनी पोतं-पोतं ज्वारी आणली, तिच्यावर तू शिकलास. यात लाज कसली वाटली तुला? त्या राजनंदिनीने तुला कधी विचारलं होतं का, किती एकर म्हणून?

त्या दिवसापर्यंत मला फक्त तुला घाबरवायचं होतं. आता तसं नाही. आता मला तुझं ते गाव भरून टाकायचं आहे. तू दूध आणायला निघालास तरी दोन ओळखीचे भेटले पाहिजेत.

जुलैत चार घरं येतायत. एक पार टोकवाडीचं. भांडी पुरतील ना?

सुकन्या


परळी वैजनाथ
२० ऑक्टोबर २०२४

लखन,

तुझा निरोप सटवाने फोनवर वाचून दाखवला. तोंडाने सांगितला असतास तर शब्द बदलले असते, म्हणून चिठ्ठी दिलीस ते बरं केलंस.

तू म्हणतोस, नऊ घरं झाली, आता थांबव. गावात दिवाळीसाठी हॉल घेतलाय, लोक तुलाच पुढारी म्हणायला लागलेत, तुझ्या दारात रविवारी चपलांचा ढीग असतो. शाळेच्या बाईंनी तुझे आभार मानले, पोरांअभावी बंद पडणारा वर्ग तुझ्यामुळे राहिला म्हणून. वाचून मला हसू आलं. मी तुझा सूड घ्यायला माणसं पाठवते आणि ते गाव तुझा सत्कार करतं! हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तू पुढे म्हणतोस, माझे कागद तू करशील. वृद्धाश्रमात शब्द टाकशील. "अक्का, तू ये. पण आईचं राजनंदिनीला कळू देऊ नको. आई आहे तशी राहू दे. मी तिला तिकडे काही कमी पडू देणार नाही."

आहे तशी म्हणजे मेलेली. नीट लिहीत जा.

खरं सांगते. मला यायचं आहे, हे तुला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी यायचं होतं तेवढंच आजही आहे. मला नर्सचे कपडे घालून अशा ठिकाणी काम करायचंय जिथे डॉक्टर मला "ए सुकन्या" म्हणणार नाही. तू नेमका तिथे हात घातलास. आणि मी दोन दिवस विचार केला, ही गोष्ट मी आईलाही सांगणार नाही, तुलाच सांगते.

तिसऱ्या दिवशी मी धर्मापुरीला गेले. आई देवळामागच्या उतारावर शेळ्या घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "लखनाच्या तिकडं गवत कसं हाय गं?" मी म्हटलं, लई हाय. गुडघ्याएवढं. तर म्हणाली, "मग त्यो बोलवंल. गवत आसल्यावर कोन दडवून ठिवंल?"

तुझा सौदा मोडला. माझे कागद मी स्वतः केलेत. परीक्षा जूनमध्येच दिली, तुला सांगितलं नव्हतं. मला एका मोठ्या शहराच्या दवाखान्याचं पत्र आलंय आणि डनरॉकच्या वृद्धाश्रमाचंही. शहरातलं काम जास्त चांगलं आहे. मी डनरॉक घेतलं. कुणी विचारलं तर सांगते की तिथे आपली माणसं आहेत. तुला खरं कारण माहीत आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती आत्ता सांगत नाही. तू रोज रात्री ती काय असेल याचा विचार करत झोप.

सुकन्या


परळी वैजनाथ
४ मे २०२५

लखन,

हे पत्र मी सटवाच्या पत्त्यावर पाठवलंय. तो तुला ते रविवारी, अठरा तारखेला, फार्मवरची सकाळची पाळी संपवून तू घरी येशील तेव्हा दारात देईल. घरात शिरलास तर कुणी दिसणार नाही. घाबरू नकोस. राजनंदिनी पोराला घेऊन गाडीने विमानतळावर गेली आहे. आम्हाला आणायला.

आम्हाला म्हणजे मला आणि आईला.

आता ती राहिलेली गोष्ट सांगते. गेल्या सप्टेंबरात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी राजनंदिनी बोलते. मला एकच सांगा. दगडाबाई माझ्या सासूबाई आहेत ना?" तिला तू फसवू शकला नाहीस, लखन. शेतावर कामाला असलेल्या बाईवर आपलं पोरगं कसं जाईल, एवढा हिशेब कुठल्याही आईला येतो. ती सत्यभामाकडे गेली, दार लावून घेतलं आणि विचारलं. सत्यभामा रडायला लागली, तेवढंच तिला पुरलं.

म्हणजे तू मला ती चिठ्ठी पाठवलीस, "राजनंदिनीला कळू देऊ नको" म्हणून, तेव्हा तिला कळून महिना झाला होता. आठ महिने ती तुझ्यासमोर जेवतेय, तुला वाढतेय आणि तू स्वतःहून सांगतोस का याची वाट बघतेय. दिवाळीला तिने तुला विचारलं होतं, आईंची आठवण येते का. तू म्हणालास, फार येते. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, मेंढरं राखत होते हे सांगितलं असतं तर मी त्यांचा हात आणखी घट्ट धरला असता. पण जिवंत आईला मेली म्हणणाऱ्याचा हात कसा धरायचा?" तुझ्याकडे उत्तर असेल तर तिला देऊन बघ.

आईचा पासपोर्ट झाला. मशीनवर तिच्या बोटांचे ठसे उमटेनात, झिजलेत सगळे. पुण्याच्या त्या ऑफिसातली मुलगी चार वेळा बोटं पुसून दाबत होती आणि आई तिलाच म्हणत होती, "दमानं घे बाय, न्हाई तर उद्या येऊ." व्हिसासाठी तिकडून आमंत्रणाचं पत्र लागतं. ते राजनंदिनीने लिहिलं. खाली तिची सही आहे आणि नातं म्हणून ठळक लिहिलंय: सासू. सरकारी कागदावर आई आता जिवंत आहे. तुझ्या घरचा तो एकच खरा कागद असेल.

आणि हो, आईला मी सगळं सांगितलं. सांगणार नव्हते. पण विमानात बसवून तिकडे नेऊन मग तिला कळलं असतं, तर मीही तुझ्यासारखीच झाले असते. सांगितलं तेव्हा ती शेळीची धार काढत होती. धार पुरी केली. मग म्हणाली, "दहावा केला का आसंल त्यानं माजा? का तेबी न्हाई?" मी म्हटलं, आई, नको जाऊया. मी एकटी जाते. तर म्हणाली, "कावून न्हाई जायचं? माजा नातू हाय तिथं. सून हाय. आपल्या रानातली धा-बारा घरं हायती. गाव काय त्याच्या बापाचं हाय का?"

ती येतेय. सहा महिन्यांचा व्हिसा आहे, वाढवता येतो, मी विचारून ठेवलंय. पण ती तुझ्या घरी राहणार नाही. पहिल्या दिवसाची भाकरीही तुझ्याकडची खाणार नाही. मी भांडले तिच्याशी. मला वाटत होतं तिने तुझ्या दारात उभं राहावं, सगळ्या गावासमोर, आणि तू मान खाली घालून पाणी आणावंस. वर्षभर मी तेवढ्यासाठीच जगले. पण ती म्हणाली, त्याच्या घरात मी मेलेय, तिथं मी जेवत न्हाई. तेव्हा मला कळलं की माझा सूड पोरकट होता. तिचा खरा.

सटवाने आमच्यासाठी दोन खोल्या घेतल्या आहेत. तुझ्या घरासमोरची पिवळी इमारत, खालचा मजला. पायऱ्या चढायला नकोत म्हणून खालचा. मी सकाळी कामावर गेले की आई दाराबाहेर खुर्ची टाकून बसेल. राजनंदिनी पोराला तिच्याकडे आणून सोडणार आहे, रोज, ते आमचं ठरलंय. शेजारणी येतील, जातील, तिला नमस्कार करतील. तू कामावर जाताना ती तुला दिसेल, येताना दिसेल. ती तुझ्याकडे बघेल आणि काही बोलणार नाही. एवढं बारकं गाव आहे, दुसरा रस्ता नाही. गाव तू निवडलंस.

तुझ्यावर ओरडायला कुणी येणार नाही, लखन. मीही नाही. माझा राग संपलेला नाही, पण तो आता आईच्या हवाली केलाय.

तिने एकच सांगितलंय. लेकाला आई हवी असेल तर त्याने घरातून, खिडकीतून, फोनवरून बोलवायचं नाही. रस्त्यात उभं राहायचं, सगळी बाहेर असताना, आणि "आई" म्हणून हाक मारायची. तोवर ती उठणार नाही.

मोठ्याने मार. तिला हल्ली कमी ऐकू येतं.

सुकन्या